हिंग्वष्टकातील चार भावंडे : चामर कुलातील औषधी वनस्पतींची ओळख

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जेवणानंतर पोट फुगणे, ढेकरा येणे आणि भूक मंदावणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या एका आजींना मी हिंग्वष्टक चूर्ण घरीच करून घेण्यास सांगितले. आठ द्रव्यांची यादी मराठीत लिहून दिली. पहिल्या घासाबरोबर तुपातून घ्यावे, हेही लिहिले. आठवड्याने आजी परत आल्या त्या चूर्णाची बाटली हातात घेऊनच. "डॉक्टर, औषध कडू असतं हे मला ठाऊक आहे, पण हे तुम्ही एकदा स्वतः चाखून बघा," असे म्हणून त्यांनी बाटली पुढे केली. चिमूटभर जिभेवर ठेवताच उलगडा झाला. हिंग्वष्टक तिखट लागते, खारट लागते. कडूजहर कधीच लागत नाही. घरी उरलेली अख्खी द्रव्ये मागवून पाहिली. त्यांत कृष्णजीरकाच्या जागी कडू जिरे होते.

दुकानदाराची यात चूक नव्हती. मी यादीत 'काळे जिरे' असे लिहिले होते आणि आमच्या भागात कडू जिऱ्यालाही काळे जिरेच म्हणतात. चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची होती. आजींना किंचित मळमळीपलीकडे त्रास झाला नाही, हे त्यांचे आणि माझे भाग्य. मात्र त्या दिवसापासून दहापट मोठे दाखविणारे एक भिंग माझ्या टेबलावर आले, ते आजतागायत तेथेच आहे.

हिंग्वष्टक हा अष्टांगहृदयाच्या गुल्मचिकित्सेतील योग. सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, कृष्णजीरक आणि हिंग ही त्यातील आठ द्रव्ये. सैंधव बाजूला ठेवले तर सात वनस्पतिज द्रव्ये उरतात आणि त्यांपैकी अजमोदा, दोन्ही जिरी आणि हिंग ही चार द्रव्ये एकाच वनस्पतिकुलातील आहेत. ओवा, धने, बडीशेप, बाळंतशोप, मंडूकपर्णी, चोरक आणि गाजर हीदेखील त्याच कुलातील भावंडे. दीपन-पाचन, वातानुलोमन आणि शूलप्रशमन यांसाठी आपण रोज ज्यांच्यावर विसंबतो, अशा द्रव्यांचा एवढा मोठा मेळा क्वचितच दुसऱ्या कुलात आढळेल. चरकाचार्यांच्या शूलप्रशमन महाकषायात अजमोदा व अजाजी आहेत, श्वासहरात हिंगू आहे, संज्ञास्थापनात हिंगू आणि चोरक आहेत, तर वयःस्थापनात मंडूकपर्णी आहे.

चरकाचार्य सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतात की, वनस्पतींची नावे आणि रूपे ही शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासीही जाणतात. वैद्याचे वेगळेपण त्यांच्या योग्य प्रयोगाच्या ज्ञानात आहे. आज आपली स्थिती नेमकी उलटी झाली आहे. योग आपल्याला मुखोद्गत असतात; परंतु नाव आणि रूप ही पहिली पायरीच निसटली आहे, कारण द्रव्य आपल्यापर्यंत पोहोचते ते चूर्ण होऊनच. या कुलापुरती ती पायरी पुन्हा बांधावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुल ओळखणे सोपे

या कुलाचे जुने शास्त्रीय नाव अंबेलिफेरी, आजचे प्रचलित नाव एपिएसी. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन्ही ग्राह्य आहेत. मराठी वनस्पतिशास्त्रीय लेखनात त्याला चामर कुल म्हणतात. जगभरात या कुलाच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य समशीतोष्ण प्रदेशांत वाढतात. आपल्याकडे मैदानी भागात धने, जिरे, ओवा, बडीशेप ही पिके रब्बी हंगामात घेतली जातात, त्यामागे थंडीची ही आवडच आहे.

कुलाची लक्षणे पाहण्यासाठी रानात जाण्याची गरज नाही. खिडकीतल्या कुंडीत मूठभर धने पेरावेत आणि कोथिंबीर खुडण्याचा मोह आवरून ती फुलावर येऊ द्यावी. खोड पोकळ व उभ्या रेषांचे दिसेल. पाने एकाआड एक येतात आणि प्रत्येक पानाचा देठ तळाशी रुंद होऊन म्यानासारखा खोडाला वेढतो. तळाची पाने रुंद खंडांची आणि शेंड्याकडची पाने धाग्यांसारखी चिरलेली असतात. एकाच रोपावर पानांची ही दोन रूपे पाहिली म्हणजे या कुलातील वनस्पती केवळ पानावरून का ओळखू नये, हे समजते.

फुलोरा हे कुलाचे नाव सार्थ करणारे लक्षण. दांड्याच्या टोकाशी एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे किरण फुटतात आणि प्रत्येक किरणाच्या टोकाशी पुन्हा एक लहान छत्री असते. याला संयुक्त चामरकल्प फुलोरा म्हणतात. मोठ्या छत्रीच्या बुडाशी असणाऱ्या छदांच्या वलयाला छदमंडल आणि लहान छत्रीच्या बुडाशी असणाऱ्या बारीक छदकांच्या वलयाला छदकमंडल म्हणावे. ही वलये आहेत किंवा नाहीत, असल्यास कशी आहेत, यावरून जातींचा भेद करता येतो. बडीशेप व बाळंतशोप यांत दोन्ही नसतात. जिऱ्यात दोन्ही लांब व धाग्यांसारखी असतात. गाजरात मोठ्या छत्रीखालील छदे पिसांसारखी चिरलेली असतात.

फुले लहान, पाच पाकळ्यांची आणि पाच केसरदलांची. पाकळ्यांची टोके आत वळलेली असतात. किंजपुट अधःस्थ, म्हणजे पाकळ्यांच्या खाली, आणि दोन कप्प्यांचा असतो. कांद्याच्या बोंडातही फुले एका बिंदूतून फुटतात. परंतु तेथे छत्री एकच, ती निष्पर्ण दांड्यावर आणि फुलाचे भाग तीनच्या पटीत असतात. एवढा फरक लक्षात ठेवला तर कुलाविषयी घोटाळा सहसा होत नाही.

जात ओळखणे अवघड, गुरुकिल्ली फळात

कुल ओळखणे जितके सोपे, तितकेच त्यातील जाती ओळखणे कठीण. पांढरी किंवा पिवळी छत्री, चिरलेली पाने आणि पोकळ खोड हे रूप शेकडो जातींत जवळजवळ सारखेच दिसते. या कुलातील जातींची फोड फळावरून करावी, ही दिशा जुनी आहे. रॉबर्ट मॉरिसन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १६७२ मध्ये ऑक्सफर्ड येथून केवळ या एका कुलावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वर्गीकरणासाठी फळाचाच प्रमुख आधार घेतला. एकाच वनस्पतिगटावर लिहिलेला तो पहिला पद्धतशीर ग्रंथ मानला जातो.

आपण ज्याला जिरे, ओवा किंवा बडीशेप यांचे 'बी' म्हणतो ते खरे तर अखंड फळ आहे. त्याला पालिभेदी फळ म्हणतात. पिकल्यावर ते उभे दुभंगते आणि त्याचे दोन फलांश होतात. प्रत्येक फलांशात एकच बी. दोन्ही फलांश मध्यभागी असलेल्या एका बारीक, बहुधा दुभागलेल्या काडीवर लोंबत राहतात. प्रत्येक फलांशाच्या पाठीवर पाच उभे कंगोरे असतात. कंगोऱ्यांमधील खोबणींच्या खाली आणि दोन फलांश जेथे एकमेकांना टेकतात त्या सपाट बाजूवर तैलनलिका असतात. सुगंध आणि तीक्ष्णता यांचे घर तेच. फळाच्या शेंड्यावर एक लहानशी उशी आणि तिच्यावर दोन किंजलांचे अवशेष दिसतात.

येथेच पहिली आणि सर्वांत उपयोगी कसोटी मिळते : दाण्याचे नखाने दोन सारखे भाग होतात का? होत असतील आणि प्रत्येक भागाची एक बाजू सपाट व पाठीवर पाच कंगोरे असतील, तर द्रव्य चामर कुलातील आहे. ही कसोटी आजींच्या कडू जिऱ्याला लावली असती तर ते तेथेच बाद झाले असते. कडू जिरे सूर्यफुलाच्या कुलातील. त्याचे फळ एकसंध असते, त्यावर सुमारे दहा कंगोरे असतात आणि ते दुभंगत नाही. कलौंजी हे मोरवेलीच्या कुलातील वनस्पतीचे खरेखुरे बी; ते काळे, तिकोनी आणि खरखरीत असते. कारळे पुन्हा सूर्यफुलाच्या कुलातील. ते काळे, गुळगुळीत आणि चकचकीत असतात. काळा रंग या तिघांना जिऱ्याच्या नावाजवळ नेतो. फळाची रचना त्यांना तेथून दूर सारते.

कृष्णजीरक

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात कृष्णजीरक म्हणून कॅरम कार्वी या वनस्पतीचे फळ दिले आहे. ते बारीक, कोयत्यासारखे किंचित वाकलेले आणि दोन्ही टोकांकडे निमुळते असते. फलांश बहुधा सुटे झालेले मिळतात. गडद पाठीवर पाच फिकट कंगोरे स्पष्ट उठून दिसतात. बाजारात शहाजिरे या नावाने ब्युनियम पर्सिकम या जातीचेही फळ येते. ही काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातील किन्नौरसारख्या थंड, उंच भागांत वाढणारी, जमिनीखाली गोल कंद असणारी बहुवर्षायू वनस्पती. दोन्ही एकाच कुलातील व दिसण्यात जवळच्या असल्या तरी त्यांचे तेल सारखे नाही. कॅरमच्या तेलात कार्व्होन प्रमुख, म्हणून त्याचा वास बाळंतशोपेच्या जवळ जातो. ब्युनियमच्या तेलात क्युमिनाल्डिहाइड असल्याने तो नेहमीच्या जिऱ्याकडे झुकतो. दोन्ही द्रव्ये शेजारी ठेवून चुरगळून पाहिली की, फरक एकदाच शिकावा लागतो.

श्वेतजीरक

नेहमीचे जिरे, क्युमिनम सायमिनम, याची मोठी लागवड गुजरात आणि राजस्थानात होते. फळ सुमारे ४ ते ६ मिलिमीटर लांब; दोन्ही फलांश सहसा जोडलेलेच राहतात आणि तळाशी बारीक देठ असतो. भिंगाखाली पाहिल्यास पाच मुख्य कंगोऱ्यांच्या मध्ये चार दुय्यम कंगोरे दिसतात आणि त्यांवर आखूड, ताठ केस असतात. आडवा छेद घेतल्यास प्रत्येक फलांशात सहा तैलनलिका आढळतात : पाठीकडे चार, सपाट बाजूस दोन.

हे तपशील केवळ अभ्यासकांसाठी आहेत असे मानू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या बवाना भागात पोलिसांनी बनावट जिरे तयार करणारा कारखाना पकडला. झाडू करण्याच्या गवताचे बारीक तुरे, गुळाचा पाक आणि दगडाची भुकटी यांपासून ते 'जिरे' घडविले जात होते. अशा मालाला पाण्यात चोळले की, पाक विरघळतो आणि दाणा मोडतो. खरे जिरे पाण्यात फुगते, पण आपले कंगोरे सोडत नाही. मात्र अशी भेसळ दळून चूर्णात गेली म्हणजे भिंगही निरुपयोगी ठरते.

अजमोदा : एक नाव, अनेक वनस्पती

चार भावंडांत सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न अजमोदेचा. फार्माकोपियाच्या पहिल्या भागाच्या पहिल्या खंडात अजमोदा म्हणून एपियम लेप्टोफायलम या वनस्पतीची फळे घ्यावीत असे आहे. तिचे आजचे नाव सायक्लोस्पर्मम लेप्टोफायलम. उत्तर भारतात अजमोद म्हणून एपियम ग्रॅव्हिओलेन्स, म्हणजे जिला आपण सेलरी म्हणतो ती वापरली जाते. पंजाबात तिची लागवड आहे. तिसरी दावेदार ट्रॅकिस्पर्मम रॉक्सबर्घियानम. ती ओव्याची सख्खी बहीण आणि बंगालच्या स्वयंपाकघरातील रांधुनी ती हीच. काही दुकानांत तर अजमोदा मागितल्यास सरळ ओवाच पुडीत बांधून मिळतो.

यांतील भेद पुढीलप्रमाणे पाहावा. ओव्याचे फळ सुमारे २ मिलिमीटर लांब, करड्या-पिवळ्या रंगाचे असते आणि भिंगाखाली त्याचा पृष्ठभाग बारीक उंचवट्यांनी खडबडीत दिसतो. चुरगळल्यास थायमॉलचा, म्हणजे ओव्याच्या फुलाचा, झणझणीत वास येतो. रांधुनीच्या फळावर आखूड, ताठ केस असतात. फार्माकोपियातील अजमोदेचे फळ बिनकेसाळ असून त्याचे कंगोरे जाड व ठळक असतात. सेलरीचे फळ ओव्याहून लहान, साधारण दीड मिलिमीटरपर्यंतचे, गुळगुळीत आणि सेलरीच्याच विशिष्ट वासाचे असते. रोप उभे असल्यास छत्रीच्या बुडाशी पाहावे : ओवा आणि रांधुनी यांत छदे असतात; सेलरी आणि फार्माकोपियातील अजमोदा यांत ती नसतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो, तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सायक्लोस्पर्मम लेप्टोफायलम ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती आहे. ती तणाच्या रूपाने जगभर पसरली आणि आपल्याकडे रुजली. मग चरकाचार्यांनी शूलप्रशमन गणात आणि वाग्भटाचार्यांनी हिंग्वष्टकात जी अजमोदा सांगितली, ती हीच असू शकेल काय? कोलंबसाच्या आधी ती वनस्पती येथे पोहोचल्याचा पुरावा असल्याखेरीज याचे उत्तर 'होय' असे देता येत नाही. ओव्याच्या प्रजातीतील रांधुनी ही आशियातील असल्याने त्या दृष्टीने तिचा दावा अधिक बळकट वाटतो. तरीही औषधनिर्मितीसाठी फार्माकोपिया हाच आपला प्रमाणग्रंथ आहे आणि व्यवहारात त्याला धरूनच चालावे लागेल. परंतु 'शास्त्रोक्त अजमोदा' असे म्हणताना आपण कोणत्या शास्त्राविषयी बोलत आहोत, याचे भान ठेवावे. द्रव्यगुणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दोन-तीन वनस्पतींचा तौलनिक अभ्यास हाती घेतला, तर हिंग्वष्टक लिहून देणाऱ्या प्रत्येक वैद्यावर ते उपकार होतील.

हिंग : जेथे फळ नाही

हिंग हा फेरूला प्रजातीतील बहुवर्षायू वनस्पतींच्या मुळापासून मिळणारा राळयुक्त डिंक. अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियातून तो आपल्याकडे येत आला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये पालमपूर येथील हिमालयीन जैवसंपदा प्रौद्योगिकी संस्थेने हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याच्या लागवडीला प्रारंभ केला. या द्रव्याबाबत फळाची कसोटी उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्या गुणधर्मांकडे वळावे लागते. शुद्ध हिंग पाण्यात घोटल्यास दुधासारखा पांढरा होतो आणि ज्योतीवर धरल्यास पेट घेतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून, गाळून, त्या गाळात जादा अमोनिया घातल्यास निळी चमक दिसते. ही चमक अंबेलिफेरोन या घटकाची. या घटकाचे नावच कुलाच्या जुन्या नावावरून पडले आहे.

घरगुती डब्यातला हिंग बहुधा बांधानी असतो. त्यात पीठ आणि बाभळीच्या जातीचा डिंक मिसळलेला असतो आणि कायद्याने तसे करण्यास परवानगी आहे. ती भेसळ नव्हे. पण बांधानी हिंगात मद्यार्कात विरघळणारा अंश किमान ५ टक्के असला की तो नियमांत बसतो, हे वैद्याने ध्यानात घ्यावे. योगात हिंगाचे जे प्रमाण सांगितले आहे ते शुद्ध हिंगाचे. स्वयंपाकघरातला हिंग तेवढ्याच मापाने घालून केलेले हिंग्वष्टक नावापुरतेच हिंग्वष्टक राहते. शिवाय गव्हाचे पीठ ज्याला चालत नाही अशा रुग्णाच्या पोटात ते नकळत जाते.

दोन शोपा

शतपुष्पा आणि मिश्रेया यांची अदलाबदलही नेहमीची. दोन्हींची फुले पिवळी, पाने केसांसारखी बारीक, छदमंडल दोहोंनाही नाही. शतपुष्पा म्हणजे बाळंतशोप. तिचीच कोवळी पाने आपण शेपूची भाजी म्हणून खातो. मिश्रेया म्हणजे बडीशेप. फळे हाती घेतली की संशय राहत नाही. बडीशेपेचे फळ लांबट, जवळजवळ दंडगोल, हिरवट-पिवळे आणि १० मिलिमीटरपर्यंत लांब असते. बाळंतशोपेचे फळ पाठीकडून चपटे, तपकिरी आणि कडेला फिकट पंख असलेले असते. बडीशेपेचा गोडवा अ‍ॅनेथॉलचा. बाळंतशोपेच्या भारतीय वाणात कार्व्होनसोबत डिलापिओल हा घटक असतो. सूतिकेला द्यावयाची शोप आणि मुखवासाची शोप या दोन वेगळ्या वनस्पती आहेत, हे रुग्णाच्या घरी आवर्जून सांगावे. बडीशेप घेताना आणखी एक पाहावे. तेल काढून घेतलेला चोथा पुन्हा रंगवून विकला जातो. ओल्या पांढऱ्या कापडावर चोळल्यास रंग सुटतो आणि चावल्यास दाणा निव्वळ भुसा लागतो.

वास साथ देतो आणि फसवितोही

वास हे या कुलातील द्रव्यांचे मोठे लक्षण असले तरी तो एकटा पुरेसा नाही. अंगणातल्या पानओव्याला ओव्याचाच वास येतो, म्हणून अनेकजण त्याला ओव्याचे झाड समजतात. वस्तुतः तो तुळशीच्या कुलातील. त्याची पाने मांसल व समोरासमोर येतात आणि त्याला ओव्याचे दाणे कधीच धरत नाहीत. बडीशेपेसारखा वास चक्रीफुलालाही येतो. ते तर पूर्णपणे वेगळ्या कुलातील वृक्षाचे फळ. त्याच्या जपानी जातीचे फळ विषारी असून त्याची भेसळ झाल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये चक्रीफुलाच्या चहाविरुद्ध इशारा दिला होता. वासाने अंदाज बांधावा. निर्णय मात्र रचनेवरूनच करावा.

मंडूकपर्णी : कुलातील वेगळी मुलगी

मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका, पाहून ती गाजराची नातलग आहे यावर कोणी सहज विश्वास ठेवणार नाही. पाने अखंड, वृक्काकार. खोड जमिनीवर सरपटणारे व पेरापेरांवर मुळे धरणारे. छत्री संयुक्त नसून साधी आणि बहुधा तीन फुलांची. पण देठाचे म्यानासारखे तळ आणि दुभंगणारे चपटे फळ तिचे कुल सांगतात. तिच्या फळात तैलनलिका नसतात, म्हणून तिला भावंडांसारखा मसालेदार वासही नाही.

महाराष्ट्रात ब्राह्मी या नावाने बहुधा हीच मिळते. चरकाचार्यांनी मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस सांगितला आहे. फार्माकोपियातील ब्राह्मी मात्र बॅकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी. तिची पाने लहान, मांसल, समोरासमोर, फुले एकेकटी, फळ अनेक बियांचे बोंड. दोन्ही मेध्य असल्या तरी एकीचे काम दुसरीने होईलच असे गृहीत धरणे योग्य नाही. रानातून गोळा करताना हायड्रोकोटाइल प्रजातीची रोपेही मिसळतात. त्यांच्या देठाच्या बुडाशी पातळ पापुद्र्यासारखी उपपर्णे असतात, ती मंडूकपर्णीला नसतात.

विषारी भावंडे

या कुलातील अनोळखी रोप चाखून पाहू नये, असे निक्षून सांगण्यास कारण आहे. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने सॉक्रेटिसाला जे विष पिण्यास लावले ते याच कुलातील कोनियम मॅक्युलेटमचे. हे रोप पूर्णपणे बिनकेसाळ असते, खोडावर जांभळे ठिपके असतात, चुरगळल्यास उंदरांसारखा उग्र वास येतो. फळावरील कंगोरे नागमोडी असतात आणि पक्व फळात तैलनलिका नसतात. त्यातील कोनीन श्वसनाचे स्नायू लुळे पाडते. महाराष्ट्राच्या मैदानात ही वनस्पती वाढत नाही. परंतु सिक्युटा व्हायरोसा ही तिची तितकीच घातक नातलग काश्मीरच्या पाणथळ जागी आढळते; तिच्या मूलस्तंभाचा उभा छेद घेतल्यास आडव्या पडद्यांनी विभागलेल्या पोकळ्या दिसतात. हिमालयातून येणाऱ्या चोरकाचे आपण मूळच वापरतो, तेव्हा ही खूण विसरू नये. चोरक म्हणजे अँजेलिका ग्लॉका ही आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदली आहे. आणि दुर्मीळ द्रव्यातच भेसळीची शक्यता अधिक.

दुसरा धोका त्वचेचा. या कुलातील अनेक जातींच्या रसात फ्युरानोकुमारिन असतात, म्हणजे आपल्या बावचीतील सोरालेनच्या वर्गातील घटक. रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की, फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. सेलरीच्या शेतात काम करणाऱ्यांच्या हातांवर असे डाग आढळतात. कोणत्याही त्वग्रोगाच्या इतिहासात 'कोणती हिरवी वनस्पती हाताळली?' हा प्रश्न म्हणूनच विचारावा.

श्रावण-भाद्रपदात कासच्या पठारावर किंवा सह्याद्रीच्या कड्यांवर जाणाऱ्या वैद्यमित्रांना पांढऱ्या, मोठ्या छत्र्यांची एक देखणी वनस्पती भेटेल. ती पिंडा कोंकणेन्सिस. ती पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही. तिच्या छत्रीच्या कडेच्या फुलांच्या बाहेरील पाकळ्या आतल्यांपेक्षा मोठ्या असतात. कुंडीतल्या कोथिंबिरीतही हेच दिसते. तिचे छायाचित्र घ्यावे, भिंगाने पाहावे आणि तिला तेथेच ठेवून यावे.

वैद्याने काय करावे

उपाय खर्चिक नाहीत. चिठ्ठीत केवळ प्रचलित नाव न लिहिता संस्कृत नाव आणि शक्य तेथे शास्त्रीय नावही लिहावे. जिरे, अजमोदा, ओवा, दोन्ही शोपा ही द्रव्ये अख्खीच विकत घ्यावीत आणि ओळख पटल्यावर चूर्ण करावे. खात्रीशीर नमुन्यांच्या लहान बाटल्या, नाव, ठिकाण आणि वर्ष लिहून, चिकित्सालयात ठेवाव्यात. बडीशेप रात्रभर भिजवून सकाळी नव्या पात्याने तिचा आडवा छेद घेतला, तर भिंगाखालीही तैलनलिकांचे काळसर ठिपके दिसतात. एकदा ते दृश्य पाहिले की, पुढच्या द्रव्यांसाठी डोळा आपोआप तयार होतो. अनपेक्षित परिणाम दिसल्यास रुग्णाच्या प्रकृतीला किंवा योगाला दोष देण्यापूर्वी मूळ द्रव्य मागवून पाहावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेमार्फत आयुष औषधांच्या दक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला जातो. तेथे नोंद करण्यात कमीपणा मानू नये.

आजींना मी नवी चिठ्ठी लिहून दिली. तीत 'काळे जिरे' हे शब्द खोडून 'शहाजिरे' लिहिले आणि खाली चिकटपट्टीने चार दाणे लावून दिले. "असेच मिळाले तरच घ्या," असे सांगितले. महिनाभराने त्या आल्या तेव्हा पोटफुगी कमी झाली होती. ती चिठ्ठी मात्र त्यांनी अजून जपून ठेवली होती, शेजारणींना दाखवायला.